सुकणारे अक्षर

१

प्रतिभाताई गायधनी यांचे तेरावे झाले, आणि दुसऱ्याच दिवशी उजाडता उजाडता त्यांच्या वर्गाच्या काळ्या फरशीवर तेजल काकडचे नाव पाण्याने लिहिलेले सापडले.

नाव चिनी होते. पंचवटीतल्या त्या दुमजली घराच्या तळमजल्यावर प्रतिभाताई चिनी लिपी शिकवीत, आणि वर्गात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला एक चिनी नाव देत. ते नाव त्या स्वहस्ते मोठ्या कागदावर लिहीत, खाली मूळचे मराठी नाव घालीत आणि कागद भिंतीवर टांगीत. तेजलचे नाव होते 雨, म्हणजे पाऊस. सरावासाठी शाई नासायची नाही, असा ताईंचा दंडक असे. खोलीला काळ्या कडाप्प्याची फरशी होती. कोपऱ्यात काठीएवढ्या लांब दांड्याचा कुंचला आणि पाण्याने भरलेले पितळी घंगाळ. उभ्याने, वाकल्यावाचून, फरशीवर पाण्याचे अक्षर काढायचे आणि ते सुकून गेले की त्याच जागी पुन्हा काढायचे. चीनमधल्या बागांतून म्हातारी माणसे असेच लिहितात, असे त्या सांगत. "आपलं लिहिलेलं आपल्यादेखत नाहीसं झालं पाहिजे," त्या म्हणत, "म्हणजे हाताला माज येत नाही."

आता तो हातच उरला नव्हता, आणि अक्षर मात्र उमटले होते.

ते प्रथम पाहिले ताईंच्या धाकट्या बहिणीने, लताबाईंनी. त्या आपला मुलगा राज याच्यासह वरच्या मजल्यावर राहत. देवासाठी उदबत्ती घेऊन त्या आतल्या जिन्याने खाली आल्या, आणि त्यांची किंकाळी ऐकून अर्धी गल्ली दारात गोळा झाली. लोक पोहोचेपर्यंत फरशी जवळजवळ कोरडी झाली होती. राजने फोनवर घाईत काढलेले एक धूसर छायाचित्र तेवढे उरले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच अक्षर, त्याच जागी, जिथे ताईंचे डोके टेकलेले सापडले होते अगदी तिथे. मग भाजीबाजारापर्यंत बोलले जाऊ लागले की, मेलेली बाई मारणारीचे नाव सांगते आहे.

त्या संध्याकाळी तेजल नरहर क्षेमकल्याणी यांच्या दारात येऊन उभी राहिली.

क्षेमकल्याणी म्हणजे वर्गाचे आप्पा. सारी नोकरी त्यांनी सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून वादग्रस्त सह्या तपासण्यात घालविली होती. निवृत्तीनंतर, जी अक्षरे आपल्याला वाचता येत नाहीत ती एकदा तरी वाचावीत, या हट्टाने ते ताईंकडे जाऊ लागले, आणि वर्गातले सर्वांत वयस्क व सर्वांत मठ्ठ विद्यार्थी ठरले. भाचीच्या वास्तुशांतीसाठी ते मनमाडला गेले होते. दुपारीच परतले होते.

"आप्पा, तुमचा भुताखेतांवर विश्वास आहे?" तेजलने उंबऱ्यातूनच विचारले.

"माझा पुराव्यावर विश्वास आहे. भुताने दिला तर त्याचाही घेईन. आत ये."

ती आत आली, पण बसली नाही. मखमलाबादच्या मळेकऱ्यांची ही मुलगी. घरी गुलाब आणि झेंडू. एरवी ती फुलांच्या व्यापाऱ्यांशी भावावरून भांडून मग वर्गात येत असे आणि तरीही तिचा हात वर्गात सर्वांत स्थिर असे. आज ओढणीचे टोक तिने बोटांभोवती इतके घट्ट गुंडाळले होते की बोटे पांढरी पडली होती.

"राजदादा उद्या चौकीवर जाणार आहे. म्हणतो, इन्सुलिन तूच टोचायचीस ना, मग तूच जास्त टोचलंस, म्हणून मावशी तुझं नाव लिहिते. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, साखर एकदम उतरली म्हणून. आप्पा, परदेशी जायला लागणारा माझा पोलिसांचा दाखला अजून यायचा आहे. तक्रार झाली की दाखला अडकला, आणि दाखला अडकला की तैपेईच्या विद्यापीठातली जागा गेली. ताईंनी चार वर्षं घासून घेतलं माझ्याकडून. ते सगळं..."

"तू नेहमीएवढंच औषध दिलं होतंस?"

"नेहमीएवढंच. ताईंनी स्वतः आकडा बघितला. त्यांचे हात थरथरायचे, डोळे नव्हते थरथरत."

आप्पांनी तिच्याकडे पाहिले आणि कोटाकडे हात नेला. "चल. आधी ती खोली बघू."

२

ताई गेल्या त्या सकाळी त्या खोलीत सर्वांत आधी शिरले होते ते आप्पा आणि ज्ञानेश सोनवणे. पहाटेच्या वर्गाला दोघे बरोबरच आले. विद्यार्थ्यांना दिलेल्या किल्लीने ज्ञानेशने दार उघडले. ताई घंगाळाशेजारी कुशीवर पडल्या होत्या. ज्ञानेशने हाका मारल्या तशी वरून लताबाई आणि राज जिन्याच्या तोंडाशी आले, पण खाली उतरू शकले नाहीत. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर सरावाचे शाईचे कागद वाळत घातलेले होते, आणि प्रत्येक कागदावर गोदेतला एकेक गोटा ठेवलेला. "आधी ते कागद उचला हो!" असे लताबाई ओरडल्या, आणि आप्पांनी भराभर वरपर्यंत सारे कागद गोळा केले, तेव्हा कुठे बहिणीला बहिणीजवळ येता आले.

आज ती खोली तशीच होती. भिंतीवर नावांचे कागद टांगलेले, घंगाळात पाणी. चैत्रातल्या उकाड्यातही कडाप्पा पायाला थंड लागला. दार उघडे असूनही आतली हवा हलत नव्हती.

राज खुर्चीत बसून डाव्या हाताने चहा पीत होता. महिन्यापूर्वी दुचाकीवरून पडल्याने त्याचा उजवा हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. तेजलला पाहताच त्याने कप खाली ठेवला.

"काका, हिला कशाला आणलंत?"

"मी आणलं नाही, ती तिच्या गुरूच्या खोलीत आली आहे. राज, तू भुताचा जबाब घेऊन चौकीवर जाणार आहेस?"

"भुताचा नाही, डॉक्टरांचा. साखर उतरली. इन्सुलिन हिने दिलं. आणि हे..." त्याने फोन पुढे केला. "हे काय मी लिहिलं? मला मराठीतली सही धड करता येत नाहीये सध्या."

"पण तू तर मावशीच्या वर्गाला 'चिनी कंदिलांचं दुकान' म्हणायचास. आज एकदम तिच्या अक्षरावर एवढी श्रद्धा?"

राज लालबुंद झाला. "माझी मावशी होती ती!"

लताबाई वरच्या स्वयंपाकघरातून खाली आल्या. त्या गुडघ्यांनी अधू होत्या. भिंतीचा आधार घेत चालत. आप्पांनी त्यांना बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत.

"लताबाई, त्या संध्याकाळी ताई जेवल्या होत्या?"

"जेवली ना. मी ताट पाठवलं होतं. पाठवलं म्हणजे, नेहमीसारखं जिन्यात ठेवलं. शेपूची भाजी, दोन पोळ्या, वरणभात. रिकामं ताट परत पायरीवर आलं. ती हातात द्यायची नाही, मी हातात घ्यायची नाही."

"म्हणजे तुमचा अबोला होता?"

"पाच वर्षं." त्यांनी ते एखाद्या मुलाचे वय सांगावे तसे सांगितले. "आमचं आपलं जिन्यातून चालायचं. ताट जायचं, ताट यायचं. तोंड कशाला लागतं?"

"कारण काय झालं होतं?"

"बहिणींना कारण लागतं होय आप्पासाहेब? तुम्ही पुरुष माणसं उगाच कारणं शोधता."

"आणि या अक्षराबद्दल तुमचं काय मत आहे?"

लताबाईंची नजर फरशीवरून सरकून भिंतीवर गेली आणि पुन्हा खाली आली. "मला त्या किड्यामुंग्यांतलं काय कळतंय! राजने सांगितलं, हे तेजलचं नाव आहे म्हणून. मी आपली उदबत्ती घेऊन आले आणि पाहिलं तर ओलं, चकचकीत, जसं काही आत्ताच कुणी उठून गेलं. आप्पासाहेब, अक्काला शांती नाही हो. तिला काहीतरी सांगायचंय."

तेजल इतका वेळ दाराशी उभी होती. ती एकाएकी म्हणाली, "त्या दिवशी मी निघाले तेव्हा ताट आलं नव्हतं."

"तू गेल्यावर आलं," लताबाई म्हणाल्या.

"रोज ताट आल्याशिवाय मी निघत नसे. त्या दिवशी घरून फोन आला, फुलांची गाडी लवकर निघायची होती. ताई म्हणाल्या, जा, येईल ताट. म्हणून मी कागद वाळत घातले आणि गेले."

"तू गेल्यावर आलं," लताबाई पुन्हा म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज जिन्यावरून यावा तसा वरून आला.

३

ज्ञानेश सोनवणे मूळचा नामपूरचा; कांदा निवडण्याची यंत्रे चीनहून मागवून बागलाणात विकत असे. गिऱ्हाइकांपुढे त्याची भाषा शहरी, पण घाबरला की तिच्यातून गाव डोकावे. आप्पांनी त्याला चहाच्या टपरीवर गाठले.

"मला कशाला विचारताय आप्पा? मी तर मेलेल्या बोकडालाही घाबरतो."

"तू तेजलला तुझ्या धंद्यात दुभाषी म्हणून बोलावलं होतंस. ती नाही म्हणाली."

"म्हणाली नाही, हसली. नकार परवडतो आप्पा, हसणं नाही परवडत." मग तो गंभीर झाला. "ओ, मी काय तिचं नाव लिहून तिला अडकवू? ती इथं राहिली तर माझा फायदा आहे, हे खरं. पण ती तुरुंगाच्या दारात राहून मला काय उपयोग? आणि पहाटे त्या खोलीत एकट्याने जायचं? ताई जिथं गेल्या तिथं? छे!"

"पहिल्या दिवशी तू अक्षर पाहिलंस?"

"पळत गेलो तर सुकत आलं होतं. फक्त वरची एक रेघ उरली होती. ती पण माझ्या डोळ्यांदेखत गेली. मी राजला म्हटलं, हाई काय शे? अंगावर काटा आला हो. कुणी चादर ओढून घ्यावी तशी गेली ती रेघ."

आप्पांनी चहाचा घोट घेता घेता कप थांबवला. पण अजून त्यांच्या हाती काही लागले नव्हते. एक टोक मात्र कुठेतरी टोचले होते. "लताबाईंना चिनी येतं का रे?" त्यांनी सहज विचारले.

"लताबाईंना? पाच वर्षांपूर्वी बसल्या होत्या वर्गात. एक दिवस. नवरा गेल्यावर त्या इथं राहायला आल्या तेव्हा. तुम्ही नव्हतात. ताई बहिणीला म्हणून सोडणाऱ्यातल्या थोड्याच! सगळ्यांसमोर हसल्या त्यांना. तुम्हाला नेहमी सुनावायच्या तेच सुनावलं, फक्त जास्त तिखट. लताबाई कुंचला ठेवून वर गेल्या, त्या परत आल्याच नाहीत."

"मला नेहमी काय सुनावायच्या?"

ज्ञानेश हसला. "आता तेही विसरलात? 'आप्पा, आधी छप्पर, मग भिंती.'"

४

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या आत आप्पा कुणालाही न सांगता निघाले. रामकुंडाकडून घंटांचा आवाज येत होता. गल्लीत दूधवाल्याच्या दुचाकीशिवाय चिटपाखरू नव्हते. स्वतःच्या किल्लीने त्यांनी वर्गाचे दार उघडले.

खोलीत कोणी नव्हते. पण कोपऱ्यात टेकवलेल्या कुंचल्याच्या टोकातून एक थेंब फरशीवर पडला, आणि त्यानंतर दुसरा.

फरशीवर त्याच जागी ते अक्षर ओले चमकत होते. वर एक आडवी रेघ. तिच्याखाली तिन्ही बाजूंनी वेढलेला एक चौक, मधून उतरणारी उभी रेघ आणि तिच्या दोहों अंगांना दोन दोन थेंब. पाऊस. आप्पांच्या मानेवरचे केस उभे राहिले, हे त्यांनी स्वतःशीच नोंदवले आणि त्याचा त्यांना रागही आला. ते दाराशी टेकून उभे राहिले आणि अक्षराकडे पाहत राहिले. कारण अक्षराकडे पाहत राहणे हेच त्यांना आयुष्यभर जमले होते.

उकाडा होता. पाणी उडू लागले. प्रथम चौकाची डावी भिंत फिकी झाली आणि नाहीशी झाली. मग उजवी. त्यानंतर मधली उभी रेघ वरून खाली विरत गेली. मग थेंब, एकामागून एक, पापणी मिटावी तसे. आप्पांना वाटले, एक अदृश्य हात तेच अक्षर पुन्हा एकदा लिहितो आहे, पण या खेपेस पाण्याने नव्हे, कोरडेपणाने. आणि जशी लिहिणाऱ्याने एकेक रेघ काढली तशीच, त्याच क्रमाने, ती पुसली जात आहे.

आता काळ्या फरशीवर फक्त वरची आडवी रेघ उरली होती. कशावरही न टेकलेले एक छप्पर.

तेव्हा आप्पांच्या ध्यानात आले. सर्वांच्या शेवटी सुकणारी रेघ सर्वांच्या शेवटी काढलेली असते. चिनी अक्षरे वरून खाली लिहितात. या अक्षरात वरची रेघ पहिली यायला हवी. तीच शेवटी कोण काढतो? ज्याने जन्मभर आधी अक्षराचे अंग लिहिले आणि सरतेशेवटी वरून शिरोरेषा ओढली, तो. ज्याचा हात देवनागरीत मुरला आहे आणि तिथून हलायला तयार नाही, तो.

तो मी, असे आप्पांच्या मनात आले. ताई त्यांना रोज रागे भरत त्या याचसाठी. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिले, आणि क्षणभर त्या रिकाम्या खोलीत त्यांना त्या हाताचीच भीती वाटली.

५

त्या दुपारी आप्पांनी सगळ्यांना वर्गात बोलावले. राज चौकीवर जायच्या तयारीत होता. तो मोठ्या नाइलाजाने थांबला.

"माझी एक खोड आहे," आप्पा म्हणाले. "निष्कर्ष सांगण्याआधी मला आक्षेप ऐकायचे असतात. कुणाला वाटलं तर मधे बोला. ज्ञानेश, कुंचला घे, आणि तेजलचं नाव लिही. भराभर."

"मी? आता? इथं?"

"घाबरत घाबरत लिही, पण लिही."

ज्ञानेशने कुंचला बुडवला आणि डोळे जवळजवळ मिटून अक्षर ओढले. पहिल्या झटक्यात वरची रेघ. त्यानंतर तेजलने लिहिले; पुन्हा आधी वरचीच रेघ. मग आप्पांनी स्वतः कुंचला घेतला. त्यांनी चौक काढला, मधली रेघ काढली, थेंब दिले आणि शेवटी, ओठ घट्ट मिटून, वरून रेघ ओढली.

"आता बघा."

पाचही जण गोलाकार उभे राहून तीन अक्षरे सुकताना पाहू लागले. पहिल्या दोन अक्षरांची छपरे आधी गेली. आप्पांच्या अक्षरातले सारे काही नाहीसे झाले, आणि आडवी रेघ एकटीच काही वेळ फरशीवर पडून राहिली.

"आज पहाटे मी जे अक्षर सुकताना पाहिलं ते असं होतं," आप्पा म्हणाले. "ज्ञानेशने पहिल्या दिवशी पाहिलेलंही असंच."

"मग तर आप्पा, तुम्हीच!" ज्ञानेशच्या तोंडून निघून गेले.

"तर्क तिथेच जातो, आणि आधी मीही तिथेच गेलो. पण पहिल्या दोन्ही पहाटे मी मनमाडला होतो. माझ्या भाचीच्या घरची वीस माणसं साक्षीला आहेत, शिवाय त्यांची पुरणपोळी अजून माझ्या पोटात साक्षीला आहे."

"एक आक्षेप आहे," राज म्हणाला. "पहिल्या रेघेला कुंचला जास्त भिजलेला असतो. मग ती उशिरा सुकणार. त्यात क्रमाचा काय संबंध?"

"चांगला आक्षेप आहे. पण लिहिणाऱ्याने प्रत्येक रेघेपूर्वी कुंचला बुडवला होता. साऱ्या रेघा सारख्याच जाड, सारख्याच ओल्या होत्या. भिंतीवरच्या कागदाकडे बघायचं, एक रेघ उतरवायची, पुन्हा बघायचं. सवयीचा हात असं लिहीत नाही, नकलेचा लिहितो. म्हणूनच रेघारेघांत वेळ गेला आणि मला क्रम दिसला."

"पण मी किंवा ज्ञानेशदादाने मुद्दाम उलटं लिहिलं असतं तर?" तेजलने विचारले. स्वतःवरच उलटणारा हा प्रश्न तिनेच विचारला.

"कुणासाठी? अक्षर सुकताना त्याच्याकडे कोण बघतं? खोटं करणारा, जे दिसेल तेवढंच खोटं करतो. जे कुणी पाहणार नाही, ते त्याचं स्वतःचं असतं. आणि आणखी एक. चाळीस वर्षं चिनी लिहिणारी बाई मेल्यावर परत आली, तर तिला हवं ते वाक्य लिहिता येईल. तीन दिवस ती एकच अक्षर का लिहिते? भिंतीवर टांगलेलं, खाली मराठीत नाव असलेलं? कारण लिहिणाऱ्याला दुसरं येत नाही. लिहिणारा वर्गात टिकला नाही. त्याला हा कुंचला उभ्याने धरता येतो, खाली वाकावं लागत नाही. आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये नाही."

राजने हळूहळू आईकडे मान वळवली. लताबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"आई?"

"मला काय ते..." लताबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"लताबाई," आप्पांचा आवाज खाली आला. "अक्षर तुम्ही का काढलंत, हे मला त्याहून मोठ्या गोष्टीवरून कळलं. तुम्ही म्हणालात, ताट जिन्यात ठेवलं, रिकामं परत आलं. पण त्या संध्याकाळी तेजलने प्रत्येक पायरीवर ओले कागद पसरले होते. सकाळी ते मी उचलले. एकही गोटा हलला नव्हता, एकाही कागदावर डाग की ठसा नव्हता. तुम्हाला खाली यायला जागा नव्हती म्हणून तुम्ही मला ओरडलात. ज्या जिन्यावर सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, तिथं रात्री ताट कुठं ठेवलंत?"

कुणाच्या तरी फोनची घंटा वाजली आणि बंद झाली.

"ताईंनी इन्सुलिन नेहमीएवढंच घेतलं," आप्पा म्हणाले. "फक्त त्यावर जेवण आलं नाही."

राज खुर्चीत बसला, पुन्हा उठला. "तू म्हणालीस, ती जेवली. मी त्यावर शपथ घेऊन चौकीवर... आई, मी या मुलीला..."

लताबाईंनी आता कठडा सोडला होता. त्या बोलू लागल्या तेव्हा राजकडे किंवा आप्पांकडे पाहत नव्हत्या. त्या फरशीकडे पाहत होत्या.

"त्या दिवशी दुपारी ती या पोरीला म्हणाली, 'तू गेलीस की माझं म्हणावं असं कुणी नाही मागं.' मी जिन्यात होते. ऐकलं. संध्याकाळी ताट वाढून घेऊन आले तर पायऱ्या भरलेल्या. हिची अक्षरं. म्हटलं, वा! आता माझ्या ताटाला पायरीसुद्धा नाही. म्हटलं, मागेल तर देईन. तोंडाने मागू दे एकदा. ताट ओट्यावर ठेवलं आणि झाकलं."

"आणि मग डॉक्टर साखरेचं बोलले," आप्पा म्हणाले.

"मग राज विचारायला लागला, टोचलं कुणी. तेव्हा माझ्या मनात आलं, लोक तिच्याकडे बघतायत तोवर माझ्याकडे कुणी बघणार नाही. आज पहाटे मात्र भीती घालायला नव्हते आले. म्हटलं, निदान हे एक तरी नीट काढता येतंय का बघू."

ज्ञानेशने तोंड फिरवले. तेजलच्या चेहऱ्यावर दया नव्हती, आणि तिच्याकडून ती अपेक्षिण्याचा कोणालाही तेथे अधिकार नव्हता.

"राज, चप्पल घाल," लताबाई म्हणाल्या. "चौकीवर जायचंच होतं ना तुला? चल. हिचं नाव यात कुठं नाही, हे मी माझ्या तोंडाने सांगते. लिहून घ्यायचं तर लिहून घेऊ देत. पोरीचा दाखला अडायला नको."

राजने डावा हात पुढे केला. तो धरून त्या दारापर्यंत आल्या. तेथे तेजल उभी होती; ती बाजूला झाली नाही.

"मावशी," ती म्हणाली, "साखर उतरली की माणसाला कळतं. घाम फुटतो, जीव घाबरा होतो. ताईंना कळलं असणार. त्यांनी तुम्हाला हाक नाही मारली?"

लताबाईंनी राजचा हात सोडला.

"मारली," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांनी माझं नाव घेतलं तिनं. 'लते' म्हणाली. एकदाच. मी ओट्याशीच उभी होते, ताटापाशी. इतका आनंद झाला मला, काय सांगू! म्हटलं, हरली. म्हटलं, आणखी एकदा मारू दे हाक, मग जाते."